रेंजफाइंडरसाठी जुनी, आटोपशीर ९० मि.मी. लेन्स: घेताना काय पाहावे?

उंबरठा (धागाकर्ता)

माझ्याकडे ०.७२ व्ह्यूफाइंडरचा (म्हणजे समोरचे दृश्य ०.७२ पट दाखवणारा) लायका एम६ हा रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतल्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा आहे आणि त्यावर मी आजवर ३५ आणि ५० मि.मी. अशा दोनच लेन्स वापरत आलो आहे. वारीत माणसांच्या अगदी तोंडाशी कॅमेरा नेणे मला जमत नाही आणि आवडतही नाही. चार पावले मागे राहून चेहरा मिळावा, एवढ्यासाठी ९० मि.मी.च्या आसपासची लेन्स हवी आहे. ती खांद्यावरच्या लहान पिशवीत मावली पाहिजे आणि व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात घुसून चौकट झाकणारी नसावी, एवढ्याच माझ्या अटी आहेत. नवी लेन्स घेणे मला परवडणारे नाही, त्यामुळे वापरलेलीच घ्यायची हे ठरलेले आहे.

सध्या तीन लेन्स नजरेसमोर आहेत. टोकियोतल्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर टेले-एल्मारिट ९० एफ/२.८ (एफ-क्रमांक जितका लहान तितके छिद्र मोठे) आहे, तीही दोन प्रकारांपैकी नंतरची, बारीक अंगाची. वर्णनात 'आत किंचित धूळ, छायाचित्रावर परिणाम नाही' असे लिहिले आहे. मुंबईत फोर्टमधल्या एका विक्रेत्याकडे मूळ लायका सीएल या लहान कॅमेऱ्यासाठी बनलेली एल्मार-सी ९० एफ/४ आहे आणि ती किमतीने तिघींत सर्वांत खाली आहे. तिसरी फोग्टलँडरची एपीओ-लांथार ९० एफ/३.५, जी स्क्रू माउंटची (आट्यांवर फिरवून बसणारी) असल्याने तिला अडॅप्टर लागेल. ती बेंगळुरूच्या एका हौशी छायाचित्रकाराकडे आहे.

माझे प्रश्न असे. एफ/४ हे पावसाळी उजेडात फारच कमी पडेल का? सीएलची लेन्स एम कॅमेऱ्यावर नीट फोकस होते का, कारण याबद्दल दोन्ही टोकांची मते वाचनात आली आहेत? आणि दूरच्या विक्रेत्याकडून घेताना काचेची खरी अवस्था कशी ओळखावी?


खडूफळा

माझ्या मते या तिन्ही सोडून द्या आणि थोडे थांबून समिक्रॉन ९० एफ/२ घ्या. लांब लेन्स घ्यायची ती पार्श्वभूमी विरघळवण्यासाठी. मग एफ/४ वर समाधान कशासाठी मानायचे? १९८० सालापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनलेली, एपीओ (रंगदोष अधिक काटेकोरपणे काढलेली) आवृत्ती येण्याआधीची समिक्रॉन आजही जुन्या बाजारात मिळते आणि तिचे चित्र माणसाच्या चेहऱ्याला फार शोभते.


रीळवाला

खडूफळा, चेहऱ्याबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य आहे, पण धागाकर्त्याने पहिल्याच परिच्छेदात लहान पिशवीची अट घातली आहे आणि समिक्रॉन त्या पिशवीतली नव्हे. शिवाय रेंजफाइंडरवर मोठे ॲपर्चर घेताना आणखी एक हिशेब मांडावा लागतो, तो इथे सविस्तर लिहितो, कारण 'कुठली लेन्स चांगली' या प्रश्नाआधी 'माझा कॅमेरा कुठल्या लेन्सला पुरा पडतो' हा प्रश्न यायला हवा.

रेंजफाइंडरची अचूकता लेन्सवर अवलंबून नसते. ती कॅमेऱ्याच्या दोन खिडक्यांमधल्या अंतरावर आणि व्ह्यूफाइंडरच्या मोठेपणावर अवलंबून असते. या दोहोंचा गुणाकार म्हणजे इफेक्टिव्ह बेस. एम६ मध्ये हे अंतर ६९.२५ मि.मी. आणि मोठेपणा ०.७२ असल्याने गुणाकार जवळपास ५० मि.मी. येतो. १९५४ च्या एम३ मध्ये मोठेपणा ०.९१ असल्याने तो ६२ च्या आसपास जातो. लायका सीएलचे मात्र ३१.५ गुणिले ०.६०, म्हणजे जेमतेम १९ मि.मी. होते.

आता लेन्सला किती बेस लागतो हे काढायची एक ढोबळ रीत आहे. फोकल लेंथचा मि.मी.मधला वर्ग करावा, त्याला एफ-क्रमांकाने भागावे आणि आलेल्या आकड्याला शंभराने भागावे. डोळ्याची भेदक्षमता एक कोनीय मिनिट आणि फिल्मवरचा अस्पष्टतेचा ठिपका ०.०३ मि.मी. धरला की हीच रीत निघते. त्यानुसार ९० एफ/४ ला २० मि.मी., ९० एफ/३.५ ला २३, ९० एफ/२.८ ला २९ आणि ९० एफ/२ ला ४० मि.मी. बेस लागतो, १३५ एफ/४ ला तर ४५ च्या वर लागतो. हे आकडे रेंजफाइंडर अगदी बिनचूक जुळलेला आहे आणि डोळे तरुण आहेत असे गृहीत धरून आलेले आहेत, त्यामुळे हाताशी बरीच शिल्लक असलेली बरी. ५० मि.मी. बेसच्या एम६ वर ९० एफ/२.८ ला भरपूर शिल्लक राहते आणि एफ/२ ला फारशी राहत नाही. सीएलच्या १९ मि.मी. बेसवर ९० एफ/४ सुद्धा काठावर येते, आणि त्या कॅमेऱ्याची ९० मि.मी. लेन्स एफ/४ वरच का थांबवली असावी याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो.

उजेडाचे म्हणाल, तर ढगाळ दिवशी ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/४ ला १/१००० सेकंद मिळतो, म्हणजे एम६ चा सर्वांत जलद शटर वेग. काळे ढग दाटून आले तरी १/२५० खाली जाण्याची वेळ सहसा येत नाही. लख्ख उन्हात तर त्याच फिल्मवर तुम्हाला एफ/११ पर्यंत छिद्र लहान करावेच लागेल आणि एफ/२ चा काही उपयोग होणार नाही. खरी अडचण दिवेलागणीला येते: तेव्हा एफ/४ वर १/१५ च्या आसपास हात टेकावे लागतात आणि ९० मि.मी. लेन्स हातात धरून त्या वेगाला माणसे स्पष्ट येणे अवघड आहे. एफ/२.८ ने त्यात एकच पायरी वाढते. संध्याकाळच्या कीर्तनासाठी लेन्स हवी असेल तर हा वेगळा धागा होईल.


मुळशीकर

रीळवाला यांनी दिलेले आकडे पटले. एक शंका: मी फोग्टलँडरचा बेसा आर२ हा रेंजफाइंडर वापरतो. त्यावर ९० एफ/२.८ चालेल का?


रीळवाला

बेसा आर२ चा बेस ३७ मि.मी. आणि मोठेपणा ०.७ च्या आसपास, म्हणजे गुणाकार २५-२६. लागतात २९. तीन-चार मीटरच्या पुढे आणि एक पायरी बंद करून काम भागेल, पण एका मीटरवर पूर्ण उघड्या छिद्राला भरवसा ठेवू नका. त्या कॅमेऱ्यासाठी फोग्टलँडरचीच ७५ एफ/२.५ कलर-हेलिआर अधिक शहाणपणाची, तिला २२.५ पुरतात आणि ती आकारानेही लहान आहे.


अनुस्वार

काचेच्या अवस्थेबद्दल मी लिहिते, कारण गेली बरीच वर्षे मी जुन्या लेन्स घेते, वापरते आणि काही विकतेही, आणि या विषयात विक्रेत्यांची भाषा कशी वाचायची हे सवयीने कळते.

टेले-एल्मारिटच्या दोन पिढ्या आहेत. १९६४ पासूनची जाड अंगाची, पाच काचांची. आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत निघालेली बारीक, चार काचांची, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची आणि ३९ मि.मी. फिल्टरची. दुसरी खरोखरच खिशात मावते आणि म्हणूनच तिला मागणी आहे. पण आतल्या काचांवर धूसर थर धरण्याबद्दल दोन्ही पिढ्यांचा लौकिक चांगला नाही. हा थर बुरशीसारखा जाळीदार दिसत नाही आणि ओरखड्यासारखा डोळ्यांत भरत नाही. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली लेन्स स्वच्छच वाटते. छिद्र पूर्ण उघडून, मागच्या बाजूने लहानसा एलईडी टॉर्च तिरका धरून, पलीकडे काळे कापड ठेवून पाहिले की मगच काचेवर दुधाळ पापुद्रा दिसतो. कधी तो नुसता वंगणाच्या वाफेचा असतो आणि पुसून जातो. कधी त्याने कोटिंग किंवा काचच खाल्लेली असते आणि मग कितीही साफसफाई केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. कुठला प्रकार आहे हे लेन्स उघडल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि सगळेच दुरुस्तीकार ही लेन्स उघडायला तयार होत नाहीत.

'छायाचित्रावर परिणाम नाही' हे वाक्य विक्रीच्या वर्णनांत सर्रास आढळते आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. धूळ आणि धूसर थर यांत फरक आहे. धुळीने खरोखरच परिणाम होत नाही. धूसर थराने चित्राचा कॉन्ट्रास्ट जातो आणि समोरून उजेड आला की सावल्या राखाडी पडतात. वारीत आभाळ बहुतेक वेळा चौकटीत किंवा तिच्या काठावर असणारच, तेव्हा तुमच्यासाठी हा दोष कागदावरचा नाही. विक्रेत्याला सरळ लिहा की टॉर्च मागून धरून, पूर्ण उघड्या छिद्रातून घेतलेला फोटो पाठवावा. पाठवला तर पाहून ठरवा. उत्तर टाळले तर तेच उत्तर समजा.

आणखी दोन गोष्टी. छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पाकळ्यांवर तेल दिसले म्हणून घाबरू नका: एसएलआरच्या लेन्समध्ये पाकळ्या क्षणात मिटाव्या लागतात म्हणून तिथे तेल हा मोठा दोष असतो, रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये पाकळ्या हाताने लावलेल्या जागी थांबतात. मात्र तेच तेल पुढे वाफ होऊन काचेवर बसते, त्यामुळे तेल दिसले की काच दुप्पट बारकाईने पाहावी. आणि मूळ चामडी डबीसह मिळणारी लेन्स पाहून हुरळून जाऊ नये. चामडे ओल धरून ठेवते आणि आपल्याकडच्या हवेत अशा डबीत वर्षानुवर्षे पडलेल्या लेन्सला बुरशी लागण्याची शक्यता उलट जास्त असते.


खडूफळा

अनुस्वार यांचा मुद्दा समिक्रॉनलाही लागू होतोच, त्यामुळे त्यावर वाद नाही. माझा आक्षेप एवढाच की एकदा पैसे खर्च करायचे तर ज्या लेन्सचे पुढे मोल राहील ती घ्यावी. एल्मार-सी ही लायकाच्या नावाने विकली जाणारी सर्वांत दुर्लक्षित लेन्स आहे.


लाहनतीर

मी जर्मनीत वेट्झलारजवळ राहतो आणि इथल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या मेळ्यांमध्ये एल्मार-सी पुष्कळदा हाताळली आहे. दुर्लक्षित आहे हे खरे, आणि तिची किंमत कमी राहण्याचे कारणही तेच. लेन्स वाईट असल्याचे ते लक्षण नाही. सीएल हा लाइट्झ (लायका बनवणारी कंपनी) आणि मिनोल्टा यांच्या भागीदारीतून १९७३ साली आलेला लहान कॅमेरा. त्यासोबत ४० मि.मी. समिक्रॉन-सी आणि ही ९० एफ/४ निघाली, आणि याच जोडीच्या भावंडांना मिनोल्टाने एम-रोकोर हे नाव दिले. कॅमेऱ्याचे उत्पादन १९७६ मध्ये थांबले, तरी मिनोल्टाने पुढे सीएलई काढला तेव्हा ९० एफ/४ रोकोरही त्याच्यासोबत राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या लेन्सचा रेंजफाइंडरला जोडणारा कॅम नेहमीच्या एम लेन्ससारखा सपाट नसून तिरका आहे. एम कॅमेऱ्याचा रोलर त्यावर नेमका ज्या जागी टेकेल असे गृहीत धरलेले आहे, तिथे तो किंचित इकडेतिकडे टेकला तर फोकस सरकतो. म्हणूनच लाइट्झने त्या काळी सी लेन्स एम कॅमेऱ्यांवर वापरू नयेत असे सांगितले होते. प्रत्यक्षात असंख्य लोक त्या एमवर वापरतात आणि त्यांची तक्रार नाही, पण काहींची आहे, आणि तुम्ही वाचलेली दोन टोकांची मते इथून येतात. दोन्ही खरी आहेत, कारण गोष्ट त्या विशिष्ट लेन्स आणि त्या विशिष्ट कॅमेऱ्याच्या जोडीवर ठरते. तेव्हा एल्मार-सी घ्यायची तर आपल्याच कॅमेऱ्यावर तपासून घ्यावी. टपालाने मागवू नये. तुमच्या तीन पर्यायांपैकी नेमकी हीच लेन्स मुंबईत हाताशी आहे, हे तुमच्या पथ्यावर पडले आहे.

चौकटीबद्दलही एक सूचना. एम६ च्या फाइंडरमध्ये ९० ची उजळ रेषांची चौकट २८ च्या चौकटीबरोबर दिसते आणि ती साधारण ०.७ मीटरच्या हिशेबाने आखलेली आहे. दूरच्या विषयावर लेन्सला चौकटीपेक्षा बरेच जास्त दिसते. ५० वर हे जाणवत नाही, ९० वर जाणवते. पाच-सहा मीटरवरचा माणूस चौकटीत घट्ट बसवला तरी निगेटिव्हवर त्याच्या भोवती मोकळी जागा निघेल.


मुळशीकर

फोग्टलँडरबद्दल कुणी बोलतच नाही. २००१ ची लेन्स म्हणजे टेले-एल्मारिटपेक्षा किमान दहा-बारा वर्षांनी आणि एल्मार-सीपेक्षा पाव शतकाने तरुण. धूसर थराची भीती तेवढी कमी नाही का?


अनुस्वार

कमी आहे, आणि निव्वळ चित्राच्या प्रतीचा विचार केला तर या तिघींत मी तिलाच पहिली पसंती देईन. पूर्ण उघड्या छिद्रालाही ती कडेपर्यंत स्वच्छ आहे, रंगांच्या झालरी जवळजवळ दिसत नाहीत. तीही ३९ मि.मी. फिल्टर घेते. मात्र स्क्रू माउंटच्या लेन्सला एम कॅमेऱ्यावर बसवणारे अडॅप्टर अगदी १ मि.मी. जाडीचे असावे लागते, कारण दोन माउंटांच्या फिल्मपासूनच्या अंतरांत, २८.८ आणि २७.८ मि.मी., तेवढाच फरक आहे. स्वस्त अडॅप्टरची जाडी थोडी जरी चुकली तरी ९० मि.मी. ते सहन करणार नाही. शिवाय अडॅप्टर २८/९० चौकटीचे मागावे; ५०/७५ चे बसवले तर फोकस बरोबर राहील, पण फाइंडरमध्ये भलतीच चौकट उजळेल. बेंगळुरूच्या गृहस्थांकडे लेन्ससोबत अडॅप्टर असेल तर तो कुणी बनवला आहे हे विचारून घ्या.

बाजारात नजर ठेवणार असाल तर कोनिकाची एम-हेक्झानॉन ९० एफ/२.८ हीही चांगली लेन्स आहे, हूड (भटका उजेड अडवणारे कडे) तिच्यातच सरकणारा आहे. लायकाचीच एल्मारिट-एम ९० एफ/२.८ अत्यंत भरवशाची आहे, पण ती चारशे ग्रॅमच्या वर जाते आणि तुमच्या पिशवीला जड होईल.


उंबरठा

सर्वांचे आभार. पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन मुंबईला जात आहे. दुकानात उभ्या उभ्या फोकस तपासायचा तर फिल्म धुऊन येईपर्यंत थांबणे शक्य नाही. माझ्या भाच्याचा मिररलेस कॅमेरा अडॅप्टरसह सोबत न्यावा असे मनात आहे. ते पुरेसे होईल का?


रीळवाला

मिररलेसवर तुम्हाला काच कळेल, कॅम कळणार नाही. तिथे तुम्ही पडद्यावर पाहून फोकस करणार, म्हणजे रेंजफाइंडरचा त्यात संबंधच येत नाही. कॉन्ट्रास्ट, समोरून येणारा उजेड, एखादी काच तिरकी बसली असल्यास एका बाजूला येणारी अस्पष्टता, हे सगळे त्यावर जरूर पाहा. पण सीएलच्या लेन्सचा मुख्य प्रश्न कॅमचा आहे आणि तो एम६ वरच सुटेल.

त्यासाठी एक जुनी रीत आहे. एम६ ची तळपट्टी काढून मागची झडप उघडा, शटर 'बी' वर ठेवून केबल रिलीजने उघडे धरा आणि फिल्म जिथून सरकते त्या आतल्या कडांवर घासलेल्या काचेचा लहान तुकडा, खरखरीत बाजू लेन्सकडे करून, सपाट टेकवा. फोटोच्या दुकानातली मॅट चिकटपट्टी काचेवर लावली तरी चालते, पण ती ताणून, सुरकुती न पडता लावायला हवी. मग रेंजफाइंडरने फोकस करून त्या काचेवर भिंगातून पाहा. कॅमेरा तिपाईवर हवाच.

क्रम असा ठेवा: आधी तुमच्या नेहमीच्या ५० मि.मी. लेन्सवर पाहा. तिच्यावर चूक दिसली तर दोष कॅमेऱ्याच्या जुळणीत आहे आणि ९० ला उगाच बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र ५० निर्दोष निघाली म्हणून कॅमेरा निर्दोष असे लगेच मानू नका. ५० एफ/२ ची स्पष्टतेची खोली ९० एफ/२.८ च्या सव्वादोन पट असते, त्यामुळे जी लहान चूक पन्नासावर झाकली जाते ती नव्वदावर उघडी पडते. यानंतर ९० लावून एक मीटर, तीन मीटर आणि फार दूर, अशी तिन्ही अंतरे तपासा. दूरसाठी एखाद्या उंच इमारतीवरचा मनोरा किंवा अँटेना धरा. लेन्स अनंताच्या खुणेवर थांबली असताना दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. एका मीटरवर एफ/४ ला स्पष्टतेची एकूण खोली पावणेतीन सेंटीमीटरच्या आत असते, म्हणजे तिरकी ठेवलेली शाळेची पट्टी पुरते. तीन मीटरवर हीच खोली २५-२६ सेंटीमीटर होते. तिथेही चूक दिसत असेल तर लेन्स तिथेच ठेवून या.


लाहनतीर

रीळवाला यांच्या रीतीला माझी एक जोड. एका मीटरवर किंचित पुढे-मागे दिसले आणि तीन मीटर व दूरवर सर्व ठीक असले, तर वारीच्या कामासाठी मी ती लेन्स घेईन. चार पावले मागे राहूनच काढायचे आहे, असे धागाकर्त्यानेच लिहिले आहे.


खडूफळा

टोकियोच्या टेले-एल्मारिटचे काय ठरले?


उंबरठा

अनुस्वारताईंनी सांगितल्याप्रमाणे दुकानाला टॉर्चसह फोटो मागितला होता. त्यांनी विनासंकोच पाठवला, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो. मागच्या काचेवर कडेपासून मध्याकडे पसरलेला दुधाळ थर स्पष्ट दिसतो. पन्नाशीकडे झुकलेल्या लेन्सला हे होणारच, पण सीमाशुल्क भरून, धूसर काच मागवून, मग ती उघडणारा दुरुस्तीकार शोधत फिरण्याची माझी तयारी नाही. आणि ती परत पाठवायची वेळ आली तर भरलेले शुल्क सोडवून घेणे हा वेगळाच खटाटोप झाला असता. ती लेन्स यादीतून गेली.

मुंबईची एल्मार-सी मात्र पाहून आलो. विक्रेत्याने दुकानाच्या मागच्या खोलीत तिपाई लावू दिली, घासलेली काच पाहून त्याला गंमतही वाटली. टॉर्चने काचा स्वच्छ दिसल्या. पुढच्या काचेवर पुसल्याचे बारीक ओरखडे आहेत, आत थर किंवा जाळी नाही. पाकळ्या कोरड्या आहेत. ५० वर सर्व अंतरे बरोबर आली. ९० वर दूर आणि तीन मीटर अगदी नेमके, एका मीटरवर फोकस पट्टीवर सुमारे एक सेंटीमीटर पुढे पडतो, म्हणजे स्पष्टतेच्या पुढच्या काठाशी. लाहनतीर यांचे म्हणणे आठवून ती घेतली. आता तिच्या तोंडाला एक रबरी हूड आहे, तो थोडा तडकलेला आहे, आणि माझ्याकडचे ३९ मि.मी.चे फिल्टर तिला बसत नाहीत. आटे धरतात आणि मध्येच अडकतात.


अनुस्वार

जबरदस्तीने फिरवू नका, आटे बिघडतील. या लेन्सला सीरीज ५.५ चे, आट्यांशिवायचे, नुसत्या कड्यातले फिल्टर लागतात आणि तो रबरी हूडच त्यांना जागेवर धरून ठेवतो. व्यास ३९ च्या जवळ असला तरी आट्यांचे अंतर नेहमीच्या ३९ च्या फिल्टरपेक्षा वेगळे आहे, म्हणून ते सुरुवातीला धरल्यासारखे वाटतात. सीरीज ५.५ चा पिवळा फिल्टर जुन्या सामानात अधूनमधून मिळतो. हूड शोधताना तो फिल्टरसहच मिळतो का ते पाहा. हूड तडकला असेल तर तूर्त तो दुमडून ठेवू नका, घडीवरच तो तुटतो.

समोरच्या काचेवरच्या ओरखड्यांची काळजी करू नका, पण हूड लावल्याशिवाय आभाळाकडे ती वळवू नका. आणि पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलच्या घट्ट डब्यात, आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र आत ठेवून, ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येते. डांबराच्या गोळ्या त्या डब्यात टाकू नका.


मुळशीकर

एका मीटरवरची ती एक सेंटीमीटरची चूक पुढे कॅमेरा जुळवून काढता येईल का?


रीळवाला

काढू नये. कॅमेरा ५० वर बरोबर आहे आणि ९० वरही दूर व मध्यम अंतरांवर बरोबर आहे. एका लेन्सच्या जवळच्या टोकासाठी कॅमेरा हलवला तर बाकी सगळे बिघडेल. जवळून काढायचे असेल तेव्हा एफ/५.६ लावावे, किंवा फोकस केल्यावर अंगच सेंटीमीटरभर पुढे झुकवावे. बहुतेकांचे शरीर त्यापेक्षा जास्त हलतेच.